गव्हासाठी उत्तरेचा उजेड: लीड्सचा आर्किटेक्ट कथबर्ट ब्रॉड्रिक

एअरकाठ

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. कामावर जाताना बस जिथे सोडते तिथेच समोर कॉर्न एक्स्चेंज आहे, म्हणजे इथला जुना धान्यबाजार. पहिली दोन वर्षं मी तो फक्त बाहेरूनच पाहिला. लंबगोल आकार, काळपट दगड, वर मोठा घुमट. एका नोव्हेंबरात शेजारच्या कर्कगेट मंडईतून भाजी घेऊन निघाले आणि पावसाने गाठलं, म्हणून आत शिरले. बाहेर भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि आत सगळं लख्ख दिसत होतं. डोळ्यांवर तिरीप नाही, कुठे गडद सावली नाही. माझ्या पिशवीतून वर आलेल्या कोथिंबिरीची पानन् पान दिसत होती.

मान वर केली तेव्हा कळलं. घुमटाचा बहुतेक भाग भरीव आहे आणि काचेचा मोठा पट्टा उत्तरेकडच्या बाजूला आहे. तिथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "गहू बघायला." इथे व्यापारी धान्याचे नमुने मांडून बसत. सूर्याचा थेट प्रकाश पडला तर धान्याचा रंग फसवतो, म्हणून उत्तरेचा उजेड घेतला. त्या एका वाक्याने मी या आर्किटेक्टच्या मागे लागले. त्याचं नाव कथबर्ट ब्रॉड्रिक. गेली काही वर्षं सुट्टी मिळेल तशी मी त्याच्या इमारती बघत फिरते आहे.

त्याचा जन्म १८२१ सालचा, हल या बंदराच्या गावातला. घरचा धंदा जहाजांचा आणि व्यापाराचा, परिस्थिती चांगली. १८३७ साली, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, तो हलमधल्याच हेन्री फ्रान्सिस लॉकवूड या आर्किटेक्टकडे उमेदवारीला लागला. तेव्हा आर्किटेक्ट व्हायचं ते असंच, कुणाच्या तरी कचेरीत वर्षानुवर्षं नकाशे काढून. पुढे १८४४ साली तो फ्रान्स आणि इटलीच्या प्रवासाला गेला. रोम तर त्याने पाहिलंच, पण मनात राहिलं ते पॅरिस. हे पॅरिस पुढे त्याच्या प्रत्येक मोठ्या इमारतीत दिसतं आणि शेवटी त्याला तिकडेच घेऊन जातं.

परत येऊन त्याने हलमध्ये स्वतःची कचेरी थाटली. कामं लहानसहान. मग १८५२ साली लीड्सच्या नगरपालिकेने टाऊन हॉलसाठी स्पर्धा जाहीर केली. शेजारच्या ब्रॅडफर्डमध्ये सेंट जॉर्जेस हॉल उभा राहत होता, आणि लोकरीच्या धंद्यात ब्रॅडफर्डशी चुरस असलेल्या लीड्सला ते सहन होणं शक्य नव्हतं. स्पर्धेचे परीक्षक होते सर चार्ल्स बॅरी, लंडनचं नवं संसद भवन उभारणारे. पहिला क्रमांक ब्रॉड्रिकचा आला. वय जेमतेम तिशीचं. दुसरा क्रमांक लॉकवूड आणि मॉसन यांचा. हे लॉकवूड म्हणजे त्याचेच गुरू, आणि ब्रॅडफर्डचा तो हॉलही त्यांचाच!

नगरसेवकांना धाकधूक होती की एवढं मोठं काम या अननुभवी पोराच्या हाती द्यायचं का. बॅरींनी सांगितलं, निश्चिंतपणे द्या.

१८५३ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली आणि ७ सप्टेंबर १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाने येऊन उद्घाटन केलं. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत या माणसाने लीड्समध्ये कॉर्न एक्स्चेंज, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट आणि तुर्की पद्धतीची स्नानगृहं उभारली, हलमध्ये टाऊन हॉल आणि स्कारबरोच्या कड्यावर एक अवाढव्य हॉटेल. आणि पन्नाशीही गाठली नसताना धंदा गुंडाळून तो फ्रान्सला निघून गेला.

लंडनमध्ये त्याची एकही मोठी इमारत नाही. १८५७ ची सरकारी कचेऱ्यांची स्पर्धा त्याने दिली, नॅशनल गॅलरीच्या स्पर्धेसाठी तर मोजक्या नामवंतांत त्याला निमंत्रण होतं. दोन्हीकडे काम मिळालं नाही. म्हणून इंग्लंडच्या वास्तुकलेबद्दल वाचताना तो "प्रांतिक आर्किटेक्ट" म्हणून दोन ओळींत संपतो. मला ते अन्यायाचं वाटतं. टाऊन हॉल भव्य आहेच, पण माझ्या मते ब्रॉड्रिक खरा कळतो तो धान्यबाजारात. ज्यांच्यासाठी बांधायचं त्यांचा दिवस कसा जातो, ते काय हातात घेतात, काय निरखून बघतात, हे त्याने आधी समजून घेतलं आणि मग घुमट काढला.

आपल्यात कुणी यॉर्कशरमध्ये राहून गेलं असेल, बांधकामातलं असेल, तर वाचायला फार आवडेल.

नवखा_वाचक

ताई, एका बैठकीत वाचून काढलं. लीड्स म्हटलं की मला फक्त हेडिंग्लेचं क्रिकेटचं मैदान माहीत. या ब्रॉड्रिकचा मुंबईशी काही संबंध? आपल्या फोर्टातल्या इमारतीही त्याच काळातल्या ना?

एअरकाठ

ब्रॉड्रिकने मुंबईत काही बांधलेलं नाही. पण त्याच काळात अशाच एका लंडनबाहेरच्या गावातून आलेल्या माणसाने मुंबई घडवली, हे खरं. व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणारा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा बाथचा. तिथल्याच चार्ल्स डेव्हिस या आर्किटेक्टकडे त्याने उमेदवारी केली आणि १८६७ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी घेऊन तो हिंदुस्थानात आला. त्या वर्षी ब्रॉड्रिकचं स्कारबरोचं हॉटेल पुरं होत होतं. अशा मुलांना लंडनचे दरवाजे सहजी उघडत नसत. कुणी आपल्याच गावात राहिलं, कुणी समुद्र ओलांडला.

चुनखडी

नाशिकला पंचवीस वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करतोय, दगडी वाड्यांच्या दुरुस्त्या बऱ्याच केल्या. लीड्सला २०११ साली चार दिवस होतो, त्यातले दोन दिवस मी टाऊन हॉलभोवती घालवले.

तुम्ही धान्यबाजाराची बाजू घेतलीत, मी टाऊन हॉलची घेतो. चारी बाजूंनी प्रचंड खांब, एका उंच जोत्यावर उभे. त्याच्या डोळ्यांपुढे पॅरिसचा शेअरबाजार असणार, हे खांबांची रांग बघताच कळतं. पण पॅरिसच्या इमारतीला मनोरा नाही. लीड्सलाही मूळ मागणीत नव्हता. काम सुरू झाल्यावर गावात वाद पेटला. काटकसरवाले म्हणाले मनोरा म्हणजे निव्वळ उधळपट्टी. डॉक्टर हीटन आणि त्यांच्यासारखे लोक म्हणाले की मनोऱ्याशिवाय गावाची ओळख पटणार कशी. अडीच-तीन वर्षं हा घोळ चालला, तोवर खालचं बांधकाम वर येत होतं.

आता आर्किटेक्ट म्हणून विचार करा. आडव्या, शांत, ग्रीक-रोमन बाजाच्या इमारतीवर २२५ फूट उंचीचा मनोरा मागाहून बसवायचा. बहुतेकांच्या हातून तो टोपी घातल्यासारखा झाला असता. याने काय केलं? खालचेच खांब वर पुन्हा घेतले, मनोऱ्याच्या चारी अंगांना, आणि त्यावर लांबट, फुगीर कडांचा घुमट ठेवला. डोळा खालच्या खांबांवरून वरच्या खांबांवर जातो आणि कुठे ठेच लागत नाही. हे मी रस्त्याच्या पलीकडून, डोकं मागे टाकून, मान अवघडेपर्यंत पाहिलं आहे.

पुढे या टाऊन हॉलची लेकरंही झाली. बोल्टन (१८७३) आणि पोर्ट्समथ (१८९०) इथले टाऊन हॉल बघा, दोन्ही लीड्सच्याच विल्यम हिलचे. घराणं लगेच ओळखू येतं.

पायवाट

चर्चा चांगली चाललीय, पण मला एक विचारायचंय आणि कुणाचा विरस करायचा हेतू नाही. १८४९ च्या कॉलऱ्यात लीड्समध्ये दोन हजारांहून जास्त माणसं मेली. गिरणीकामगार दाटीवाटीच्या चाळींत, एकेका संडासाला दहा-दहा बिऱ्हाडं. त्यानंतर तीन-चार वर्षांत त्याच गावाची नगरपालिका खांब आणि मनोरे उभारते. अंदाज ४०,००० पौंडांच्या आत-बाहेरचा होता आणि बिल आलं १,२२,००० पौंडांचं. हा पैसा घरपट्टीतून गेला. आणि ज्या पायऱ्यांवरून राणी वर गेली त्यांच्याच खाली कैद्यांच्या कोठड्या. आपण सौंदर्य बघतो तेव्हा हे कुठे ठेवायचं?

एअरकाठ

पायवाट, प्रश्न रास्त आहे आणि मी तो स्वतःलाच बऱ्याचदा विचारलाय. त्या कोठड्या मी पाहिल्या आहेत. दगडी पट्टीचा बाक, जाड दार, वर हातभर झरोका. वरच्या मोठ्या सभागृहात छताखाली सोनेरी अक्षरांत वचनं लिहिली आहेत आणि खाली हा अंधार, मध्ये फक्त एक मजला.

पैशाच्या बाबतीत आणखी एक बळी होता, त्याचं नाव फारसं घेतलं जात नाही. बांधकामाचा ठेका सॅम्युअल अटॅक नावाच्या इथल्याच ठेकेदाराने घेतला होता, ठरावीक रकमेला. ब्रॉड्रिक नकाशे बदलत गेला, दगडाचं काम अधिक नाजूक मागत गेला, वरून मनोरा आला. काम उशिरा, पैसे त्याहून उशिरा. उद्घाटनाच्या आदल्या वर्षी अटॅकचं दिवाळं निघालं. ब्रॉड्रिक माणूस म्हणून मऊ नव्हता. दगडाचा एक थर मनासारखा नसला तर तो उतरवायला लावायचा. मला त्याच्या इमारती आवडतात म्हणून हे झाकून ठेवावंसं वाटत नाही.

गटारांचं म्हणाल तर त्याच दशकात लीड्सने भूमिगत गटारंही बांधली, पण सगळी घाण सोडली आमच्या एअर नदीत. दोन्ही कामं तीच माणसं करत होती. त्यातल्या काहींना खरंच वाटत होतं की काजळीने माखलेल्या गावात एक तरी जागा अशी हवी, जिथे कामगारालाही मान वर करून उभं राहता येईल. सभागृहात मैफली सुरू झाल्या, स्वस्त तिकिटाच्याही. आजही लीड्सच्या पियानो स्पर्धेची अंतिम फेरी म्हटली की लोकांना हेच सभागृह आठवतं. १६१ फूट लांब, ७२ फूट रुंद. कॉलऱ्याचा हिशेब यातून फिटत नाही, हे मान्य.

पायवाट

अटॅकचं सांगितलंत ते बरं केलंत. कोनशिलेवर ठेकेदाराचं नाव नसतं.

भुसारपेठ

मला वास्तुकलेतलं काही कळत नाही, पण गहू कळतो. आमची मार्केट यार्डात आडत आहे, आजोबांच्या वेळेला नाना पेठेत दुकान होतं. ताईंनी उत्तरेच्या उजेडाचं लिहिलं आणि मी ते वडिलांना वाचून दाखवलं. वडील ७८ वर्षांचे आहेत. ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे. उन्हात सगळाच गहू सोन्यासारखा दिसतो."

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसायची, पोकळीत दाणे येतात, ते तळहातावर घ्यायचे. वरचा माल निवडून ठेवलेला असतो, म्हणून नळी पोटात जायला हवी. मग तळहात उजेडात धरायचा. बघायचं काय? दाणा भरलेला की फोपसा. चमक आहे की पाणी लागून गेलेली. टोकाशी काळा ठिपका आहे का. किडीचं भोक आहे का. काडीकचरा, खडा किती. लोकवन आणि सिहोर यांत फरक रंगाचाच, आणि तो फरक क्विंटलमागे चांगला पैसा करतो. पिवळ्या बल्बखाली मेलेला दाणाही टवटवीत दिसतो. ट्यूबलाइटखाली चांगला दाणा पांढुरका पडतो. आजोबा नेहमी दुकानाच्या पायरीवर येऊन, पाठ उन्हाकडे करून, हाताची सावली दाण्यावर पडू न देता बघायचे. वडीलही तेच करतात, मीही.

म्हणजे आमचे आजोबा पायरीवर जे शरीराने करत होते ते या माणसाने दगडात आणि काचेत करून ठेवलं. व्यापाऱ्याला उठून दारात जायलाच नको. मला हे वाचून भरून आलं. आमच्या धंद्याकडे कुणी इतक्या बारकाईने पाहिलं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

एक विचारतो. लीड्सच्या बाजारात पोती आत यायची का? आमच्याकडे हमालांची ये-जा, हातगाड्या, धूळ. इतक्या सुंदर जागेत ते कसं चालायचं?

एअरकाठ

दादा, वडिलांचं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय.

पोती आत येत नसत. हा नमुन्यांचा बाजार होता. शेतकरी किंवा दलाल छोट्या पिशवीतून धान्य आणायचे, व्यापारी आपापल्या मेजाशी उभे राहायचे, नमुना ओतायचा, चोळायचा, वास घ्यायचा, दाताखाली फोडून बघायचा आणि सौदा ठरायचा. माल नंतर थेट गोदामात किंवा गिरणीत पोचायचा. म्हणूनच इमारतीचा मधला भाग एकच मोकळं लंबगोल दालन आहे, मध्ये एकही खांब नाही, आणि कडेने दोन मजल्यांवर व्यापाऱ्यांच्या कचेऱ्या. वरच्या मजल्यावर सज्जा आहे, तिथून वाकून खाली कोण कुणाशी बोलतंय ते दिसतं. बाजारात ही गोष्ट किती कामाची असते ते तुम्हीच जाणता.

गिरणगावची_लेक

उत्तरेचा उजेड म्हटलं आणि मला राहवलं नाही. बाबा लोअर परळच्या गिरणीत विणकाम खात्यात होते. तिथलं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला. बाबा त्याला "नॉर्थ लाइट" असंच म्हणायचे, इंग्रजी न शिकलेले सगळे कामगारही हाच शब्द वापरायचे. मी लहानपणी विचारलं होतं, उत्तरच का? ते म्हणाले, "ऊन आलं तर धागा तुटलेला दिसत नाही." लँकेशर-यॉर्कशरच्या कारखान्यांतली ही युक्ती यंत्रांबरोबरच आपल्याकडे आली.

फक्त मुंबईत एक अडचण आहे जी लीड्सला नाही. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. बाबा सांगायचे की मे अखेरीस काही दिवस दुपारी काचेतून ऊन खाली यायचं आणि मग पाऊस सुरू झाला की प्रश्न मिटायचा. लीड्स इतकं उत्तरेला आहे की भर दुपारचा सूर्य कायम दक्षिणेलाच.

बाबांची गिरणी आता उरली नाही, ते छप्परही नाही. धान्यबाजार टिकला कसा, ते सांगाल का?

एअरकाठ

टिकला, पण थोडक्यात बचावला. विसाव्या शतकात धान्याचा व्यापार नमुन्यांवरून दूरध्वनीवर आणि मोठ्या कंपन्यांकडे गेला. बाजाराच्या दिवशी मूठभर माणसं यायची. इमारत बरीच वर्षं ओस होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिची दुरुस्ती झाली आणि १९९० साली आत लहान लहान दुकानं आली. त्या वेळी मधल्या फरशीला मोठी लंबगोल खिडकी पाडून तळघरही उघडं केलं, त्यामुळे घुमटाचा उजेड आता एक मजला आणखी खाली उतरतो. जिथे गहू चोळला जायचा तिथे आज मणी, जुन्या तबकड्या, कपडे विकतात.

बाहेरच्या दगडाबद्दल सांगायचं राहिलं. प्रत्येक दगडाचं तोंड चार उतरत्या पैलूंचं घडवलेलं आहे, मध्ये टोक. पूर्ण भिंतभर. हात फिरवला तर टोकं बोथट झालेली लागतात, पण पावसानंतर ऊन तिरकं आलं की प्रत्येक दगडाची एक बाजू उजळ आणि एक काळी दिसते. बाहेर सावलीचा असा खेळ आणि आत सावलीच नाही. एका भिंतीच्या दोन बाजूंना हे दोन्ही त्याने जाणूनबुजून केलं असणार.

उत्तरसमुद्र

मी हललाच राहतो, बारा वर्षं झाली. ब्रॉड्रिक आमच्या गावचा असून आमच्याकडे त्याचं जवळपास काही उरलं नाही, हे मनाला लागतं. रॉयल इन्स्टिट्यूशन ही त्याची तरुणपणची देखणी इमारत, १८५४ ची. १९४३ च्या बाँबहल्ल्यात आतल्या संग्रहालयासकट जळली. हलचा टाऊन हॉल त्याने १८६६ साली पुरा केला, इटालियन ढंगाचा. पन्नास वर्षांच्या आत तो पाडून आजचं गिल्डहॉल बांधलं. त्या टाऊन हॉलच्या मनोऱ्याच्या टोकावरची छोटी घुमटी मात्र कुणीतरी जपली. ती पिअर्सन पार्कात गवतावर ठेवलेली आहे. मी मुलीला तिथे खेळायला न्यायचो. ती तिच्या आत शिरून घर-घर खेळायची. मला कित्येक वर्षं वाटत होतं की हा बागेचाच एखादा मंडप आहे.

स्कारबरोचं ग्रँड हॉटेल कुणी पाहिलंय का? समुद्राच्या कड्यावर पिवळसर विटांचा डोंगर. १८६७ साली उघडलं तेव्हा युरोपातल्या सगळ्यांत मोठ्या हॉटेलांत त्याची गणना होती. चार बुरूज म्हणजे चार ऋतू, बारा मजले म्हणजे महिने, बावन्न धुराडी म्हणजे आठवडे आणि ३६५ खोल्या म्हणजे दिवस, असं सांगतात. वरून पाहिलं तर आकार इंग्रजी व्ही, व्हिक्टोरियाचा. न्हाणीघरात गोड्या पाण्याबरोबर समुद्राच्या पाण्याचीही तोटी होती. त्याच जागेवर आधी एक भाड्याच्या खोल्यांचं घर होतं, तिथे १८४९ साली लेखिका ॲन ब्राँटे वारली. हवापालटासाठी आली होती, क्षयाने खंगलेली. तशी पाटी भिंतीवर आहे.

आज हॉटेलची रया गेली आहे. पण संध्याकाळी खालच्या वाळूवरून बघा. कडा कुठे संपला आणि इमारत कुठे सुरू झाली ते पटकन कळत नाही.

चुनखडी

उत्तरसमुद्र, ती कड्याची गोष्ट महत्त्वाची. उतारावरची जागा असल्यामुळे गावाच्या बाजूने इमारत आटोपशीर दिसते आणि समुद्राच्या बाजूने तिचे खालचे मजले उघडे पडतात. उतार हा दोष न मानता त्याने त्याचीच उंची करून घेतली. मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण नेहमी देतो.

आणि लीड्सजवळच्या इल्कली गावचं वेल्स हाऊस राहिलं. पाण्याचे उपचार देणारं निवासस्थान, १८५६ चं, ब्रॉड्रिकचंच. १८५९ च्या शरदात चार्ल्स डार्विन प्रकृतीसाठी इल्कलीला आला आणि तिथल्या उपचारांना राहिला. त्याचं जग हलवणारं पुस्तक नोव्हेंबरात लंडनमध्ये बाहेर पडलं तेव्हा तो त्याच गावात होता.

नवखा_वाचक

मी आज दिवसभर नकाशावर या सगळ्या इमारती शोधतोय. पण मला कळत नाही, इतकं जमलेलं असताना त्याने थांबावं का? ४८-४९ हे काय थांबायचं वय आहे?

चुनखडी

माझं मत सांगतो, व्यवसायातून आलेलं. आमचं काम मागणीवर चालतं. लीड्सला एकच टाऊन हॉल लागतो, एकच धान्यबाजार लागतो. ते दोन्ही त्याने बांधले. त्यानंतर मोठं काम हवं तर लंडन किंवा मँचेस्टर, आणि तिथे स्पर्धा. स्पर्धेत महिनोन् महिने नकाशे काढायचे, पदरचे पैसे घालायचे, आणि निकाल दुसऱ्याच्या बाजूने. नॅशनल गॅलरीची स्पर्धा ज्याला जिंकली असं धरलं गेलं तो एडवर्ड बॅरी, म्हणजे लीड्सला ज्यांनी ब्रॉड्रिकला निवडलं त्याच सर चार्ल्स बॅरींचा मुलगा. शिवाय तोवर फॅशन गॉथिककडे झुकली होती, टोकदार कमानी, कळस. ब्रॉड्रिक रोमन खांब आणि फ्रेंच घुमटांचा माणूस. मी स्वतः एका स्पर्धेनंतर वर्षभर पेन्सिल हातात धरली नव्हती, म्हणून मला तो कळतो.

एअरकाठ

चुनखडी म्हणतात ते मला पटतं. शेवटची मोठी इमारत मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट, १८६८ ची, कामगारांना संध्याकाळी शिकवण्यासाठी. दर्शनी कमान इतकी उंच की दार तिच्या पायाशी लहान दिसतं, आणि पोटात गोल व्याख्यानगृह. पुढे तिथे नाट्यगृह झालं आणि २००८ पासून शहराचं संग्रहालय. त्या गोल दालनाला आता ब्रॉड्रिकचं नाव आहे आणि जमिनीवर अख्ख्या लीड्सचा नकाशा आहे. मुलं त्यावर गुडघ्यांवर रांगत आपलं घर शोधतात. माझ्या मुलानेही आमची गल्ली शोधली, मग बोट फिरवत फिरवत तो कॉर्न एक्स्चेंजपर्यंत आला आणि म्हणाला, हे अंड्यासारखं आहे.

तुर्की स्नानगृहं मात्र गेली. रंगीत विटा, नालाकृती कमानी, मिनारांसारखी टोकं. आधी दर्शनी भाग बदलला आणि १९६९ साली सगळंच पाडलं. जुने फोटो बघितले की जीव हळहळतो.

फ्रान्समध्ये त्याने पॅरिसजवळ ल व्हेझिने या उपनगरात घर केलं, चित्रं काढली, बाग केली. शेवटची काही वर्षं जर्सी बेटावर गेली आणि १९०५ साली तिथेच त्याचा अंत झाला. पस्तीस वर्षं त्याने कुठल्याही गावासाठी काही बांधलं नाही. आणि एक सांगायचं राहिलंच: टाऊन हॉलसमोरचे चार दगडी सिंह १८६७ साली बसवले, ते हलच्याच कीवर्थ नावाच्या शिल्पकाराचे. मनोऱ्याच्या घड्याळात तेराचे टोले पडले की सिंह उठून फेरफटका मारतात, असं इथे आज्या नातवंडांना सांगतात.

भुसारपेठ

ताई, मोठा मुलगा सप्टेंबरात शिकायला शेफील्डला येतोय. शेफील्डहून लीड्स लांब आहे का? वडिलांनी त्याला सांगून ठेवलंय की मूठभर लोकवन बरोबर ने आणि त्या घुमटाखाली तळहातावर धरून फोटो पाठव.

एअरकाठ

आगगाडीने तासाच्या आत-बाहेर. त्याला जरूर पाठवा, मी स्टेशनवर घ्यायला जाईन. कॉर्न एक्स्चेंज तिथून पायी दहा मिनिटं. शक्यतो ढगाळ दिवशी बोलवा, तेव्हा उजेड सगळ्यांत चांगला असतो. कच्चं धान्य देशाबाहेर न्यायचे नियम असतात, ते आधी बघून घ्या. नाहीच जमलं तर इथल्या गुजराती दुकानातला गहू मी आणून ठेवते.

भुसारपेठ

वडील म्हणतात, दुकानातला चालेल, पण पोत्याच्या पोटातला घ्या, वरचा नको.

उत्तरसमुद्र

मीही येतो त्या दिवशी हलहून. मुलगी आता सतरा वर्षांची झालीय, तिला आर्किटेक्चरला जायचंय. धागा वाचल्यापासून पिअर्सन पार्कात जाऊन ती त्या घुमटीची मापं घेते आहे. काल संध्याकाळी टेप कमी पडला, म्हणून उरलेलं तिने सुतळीने मोजलं आणि घरी येऊन सुतळी फरशीवर पसरून ठेवलीय.